कपाळावरचं गोंदण

कुरखेडा, मंगळवार, संध्याकाळ

फोटोचं दुकान बंद करून आले, ते थेट लिहायलाच बसले.

सकाळी एक माणूस वारलेल्या आईचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन आला. तेरवीसाठी मोठा करायचा होता. "म्याडम, कपाळावरचे डाग साफ करून द्या." कॉम्प्युटरवर फुकटचा प्रोग्राम, ब्रश फिरवला की सगळं गुळगुळीत. डाग कसले, गोंदण होतं ते. मला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं.

दुपारी प्रिंट न्यायला त्याची म्हातारी मावशी आली. "माह्या बहिणीचं गोंदण कुठी गेलं? मेल्यावर तेवढंच त संग जाते."

मग सगळी गिऱ्हाइकं विचारतात तोच प्रश्न. "वापस येते काय?"

प्रोग्राम बंद केला नसता तर आलं असतं. पण मी मूळ फोटोवरच सेव्ह करून बसले. त्या माणसाला फोन केला, तर साफ फोटो मिळाल्यावर त्यानं जुना मोबाईलमधून काढून टाकलेला.

मावशी स्टुलावर बसली, पदर मागे सारून कपाळ पुढे केलं. "माह्यावरचं पाहून काढ. दोघीचं एकाच दिवशी गोंदलं होतं."

एकेक ठिपका पाहत फोटोत परत काढला.

जाताना म्हणाली, "आता माहाबी फोटो काढून ठेव बाई. तुह्याजवळच राहू दे. पोट्ट्याइच्या हाती नोको देऊ."