बाबांच्या पानावरची टिक

सोमवार, ५ जाने.

सकाळी सातलाच कमळाबाईंचा फोन. करंजाला सुक्या मासळीचा धंदा आहे त्यांचा, बोंबील, सुकट, जवळा. नोव्हेंबरात मी त्यांची वेबसाइट करून दिली. "बाय, तुमी बोल्लाव नेटवर टाकलं की लोकं येतील. माजी सून नाव टाकून टाकून दमली. आमची साइट कुटंच दिसत नाय." मी आपलं नेहमीचं पुराण लावलं, सर्च इंजिनला वेळ लागतो, जरा धीर धरा. "दोन महिने धरलाय. आता काय मरेपरेंत धरू?"

उद्या बघते म्हटलं.

आईच्या गुडघ्यांचं तेल संपलंय. बाबा जाऊन चौदा महिने झाले. 'जाऊन' म्हणायचं नाही, आई भडकते. बाबा हरवून चौदा महिने.

मंगळवार, ६ जाने.

सापडला घोळ. लाज वाटावी असा. साइटच्या सेटिंगमध्ये अगदी तळाला एक चौकोन असतो: सर्च इंजिनांनी इकडे येऊ नये. काम अर्धवट असताना तिथे टिक करून ठेवायची, गिऱ्हाइकाला देताना काढायची. भिंतीवर माझी पंधरा कामांची यादी चिकटवलेली आहे, त्यात पहिलंच हे. कमळाबाईंच्या वेळी घाईत यादी बघितली नाही. टिक तशीच. म्हणजे दुकान मांडलं, माल लावला आणि शटर खाली ठेवलं. वीस वर्षं हेच काम करतेय मी! फोन करून माफी मागितली, त्या हसल्या.

दुपारी भांडी घासत होते. हात थांबले. कमळाबाईंची साइट ज्या साच्यावरून केली त्याच साच्यावरून बाबांचं पान केलं होतं.

ओल्या हातानेच जाऊन बघितलं.

टिक आहे.

बुधवार, ७ जाने.

काल पुढे लिहवेना.

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. बाबांना विसरायचा आजार. गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात सकाळी दूध आणायला म्हणून खाली उतरले ते आलेच नाहीत. पोलीस झाले, स्टेशन झालं, नवीन पनवेलची एकूण एक सेक्टर पालथी घातली. कॅमेऱ्यात दिसले, नांदेडच्या गाडीच्या फलाटावर, हातात दुधाची पिशवी. नांदेडपर्यंतच्या स्टेशनांवर विचारलं, पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी मी पान केलं. सायमन हनोक तळवलीकर, वय ७८, तपकिरी स्वेटर, उजव्या भुवईवर व्रण, खाली माझा नंबर. एका बैठकीत केलं. यादी कोण बघतंय, घरचंच तर काम.

लिंक शंभर ग्रुपवर टाकली. उघडायची. लोक बघायचे, हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. मला कसली शंका येणार?

आणि शोधून नाही का बघितलं, असं कुणी विचारेलच. बघितलं ना! ब्राउझरमध्ये 'साय' एवढं टाकलं की पान समोर. मला वाटलं, वा, पहिल्या नंबरवर आहे. ते सर्च इंजिन देत नव्हतंच. मी रोज उघडत होते म्हणून माझ्याच ब्राउझरला पत्ता पाठ झाला होता. हे मी गिऱ्हाइकांना समजावून सांगते, की स्वतःच्या कॉम्प्युटरवर बघून खूश होऊ नका. मी सांगते हे लोकांना!

बाबांचं नाव अख्ख्या इंटरनेटवर दुसऱ्या कुणाचं नाही. कुणी एकदा जरी टाकलं असतं.

घरी कुणी आलं, फोन आला, की बाबांचं ठरलेलं, "दिना कॉम्प्युटरवर आहे, येईल." सगळं विसरत गेले तरी हे वाक्य राहिलं होतं. शेवटी शेवटी तर मी समोर बसलेली असताना मलाच सांगायचे.

टिक काढली. सर्च इंजिनला येऊन बघ म्हणून अर्ज टाकला.

शुक्रवार, ९ जाने.

शब्बाथ, आम्हा ज्यूंचा सणाचा वार. काळ्या मनुका काल रात्री भिजत घातल्या, आज कुस्करून गाळल्या. हे बाबांचं काम. आईने दिवा लावला आणि सरबताचे तीन पेले भरले. बाबांचा पेला चौदा महिने भरतोय आणि दुसऱ्या रात्री मीच पिते.

दिवा लावण्याआधी आईने फोनवर पान उघडलं. मीच तिला चिन्ह करून दिलंय, बोट लावलं की बाबांचा फोटो. "आहेत ग," म्हणाली. रोज असंच म्हणते, जसं काही ते पानावरूनही निघून जातील. मग शेजारच्या कुलकर्णीकाकूंना, "आमच्या दिनाने केलंय. जगभर दिसतात."

पोळी तोंडात फिरत राहिली.

मंगळवार, १३ जाने.

आलं. दुसऱ्याच्या फोनवरून, कुलकर्णीकाकूंच्या, नाव टाकून बघितलं. पहिल्या नंबरवर. फोटोसकट. सहा दिवस लागले फक्त.

सहा दिवस. आणि मी चारशेच्या वर घालवले. काकू म्हणाल्या, रडतेस काय अशी, चांगलं झालं ना?

शुक्रवार, १६ जाने.

करंजाला गेले होते, कमळाबाईंच्या वाळवणाचे फोटो काढायला. पावणेबाराला अनोळखी नंबर.

"सायमन बाबांच्या घरून बोलता का?"

सुरेखाताई. नांदेडच्या बाजूला निराधार म्हाताऱ्यांचा आश्रम आहे, तिथे काम करतात. मी ओरडलेच, कसे आहेत? त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही बसून घ्या."

सप्टेंबरात गेले. झोपेत. हरवल्यावर तीन आठवड्यांनी स्टेशनवरून कुणीतरी आश्रमात आणून सोडलं. म्हणजे नऊ महिने होते तिथे. नऊ. नाव पूर्ण सांगायचे, गाव विचारलं की तळवली. तळवली त्यांनी लहानपणीच सोडली, पण पनवेल पुसलं गेलं होतं. तळवल्या तर कितीतरी.

"लई हुडकलं बघा आम्ही. पोलिसांत दिलं. आले त्या दिवशीच नेटवर नाव टाकलं, काहीच निघालं नाही. नंतर दर महिन्याला टाकायचे मी. सवयच लागली. गेल्यावरसुद्धा टाकायचे. काल टाकलं आन् फोटोच समोर आला. तुम्ही आताच केलं का हे?"

मी हो म्हटलं. हो म्हटलं मी!

फोन ठेवला. कमळाबाई धावत आल्या. "काय झालं गो बाय? बस आदी, पानी पी." वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी बसून पाणी प्यायले. त्यांना सगळं सांगितलं, टिक राहिल्याचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "आयशीला आज नको सांगू. तुमचा सणाचा वार हाय ना आज?" त्यांच्या लक्षात होतं.

आईने संध्याकाळी तीन पेले भरले. मी समोर बसले.

रविवार, १८ जाने.

सांगितलं. बाबा गेले एवढंच. आई भाजी निवडत होती. उरलेली सगळी जुडी निवडून झाल्यावर म्हणाली, "कुठे पुरलंय?"

सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणतात त्या हजानकाकांना बोलावलं. आमच्यात कुणी गेलं की घरचे सात दिवस जमिनीवर बसतात. काका चष्मा पुसत म्हणाले, "तीस दिवस उलटल्यावर बातमी कळली तर सात दिवस नाही. एक तास."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "चौदा महिने मी वाट बघितली, आणि बसायचं एक तास?"

आई-वडील गेले की अंगावरचा कपडा फाडायचा असतो; माझ्या कुर्त्याच्या गळ्याला काकांनी कात्री लावली, पुढे मी फाडला. चटई काढून उघड्या फरशीवर बसलो आम्ही दोघी. अकरा पाच ते बारा पाच. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही ठरवलं होतं, सारखं बघितलं. सप्टेंबरात कळलं असतं तर सात दिवस मिळाले असते. त्याच्या आधीच्या डिसेंबरात कळलं असतं तर बाबाच मिळाले असते. त्या तासात दुसरं काही सुचलं नाही.

बारा पाचला काकांनी उठायला सांगितलं. आईचे गुडघे धरले होते. मी हात दिला. रीतीची उकडलेली अंडी खाल्ली.

सोमवार, १९ जाने.

बेनीला सगळं सांगितलं. भाऊ आहे, इस्राएलात अश्दोदला असतो, त्याला तरी कळायला हवं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझं कामच हे ना, दिना?"

मारलं असतं तर बरं झालं असतं.

तासाभराने त्याचाच पुन्हा फोन. रडत होता. माफ कर म्हणाला, मी तरी कुठे एकदा नाव टाकून बघितलं. आईला सांगू नकोस म्हणाला, तिला काय मिळणार त्यातून? तो कद्दीश म्हणतोय रोज, गेलेल्या बापासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना.

बुधवार, २८ जाने.

जाऊन आले. एकटी. आईला एवढा प्रवास झेपला नसता. खरं कारण, सुरेखाताई आणि आई समोरासमोर यायला नको होत्या मला. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार.

सु.ताई पंचविशीतली पोरगी निघाली. मी ताई म्हणतेय, ती मला ताई म्हणतेय. बाबांची कॉट दाखवली, खिडकीशेजारची. आता दुसरे एक आजोबा आहेत तिथे. म्हणाली, बाबा शांत. रागवायचे नाहीत. फक्त संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभे राहायचे. आत चला म्हटलं की म्हणायचे, "दिना कॉम्प्युटरवर आहे, येईल."

"म्हणून तर मी नेटवर बघत राहिले. म्हटलं, पोरगी कॉम्प्युटरवाली आहे, काहीतरी टाकलंच असणार तिने."

टाकलं होतं ग. टाकून वर झाकण ठेवलं होतं. तिला तिथल्या तिथे सांगितलं. "मी कुणाला नाही सांगत," एवढंच म्हणाली. मी सांगू नकोस असं म्हटलंही नव्हतं.

सायमन म्हटल्यावर त्यांनी ख्रिश्चन धरलं. गावातल्या चर्चच्या लोकांनी स्वतःहून जागा दिली, खड्डा खणला, फुलं आणली. वर लाकडी क्रॉस. बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, म्हणजे काय हे आम्हाला पनवेलमध्ये समजावत बसावं लागतं, तिथे कोण ओळखणार! आधी राग आला. मग बघितलं, क्रॉसला नवा रंग होता, मागच्याच महिन्यात दिलेला. सु.ताई म्हणाली, काढायचा का? मी म्हटलं, बेनीला आणि आईला विचारून सांगते. आमच्या रीतीने एक दगड उचलून कबरीवर ठेवला आणि बसले. मोठ्याने म्हटलं, बाबा, आले.

कापडी पिशवीत सामान दिलं. स्वेटर, चष्मा आणि घडी घातलेली दुधाची पिशवी. पिशवीवर मार्करने बाबांचं नाव, खाली सु.ताईचा नंबर.

रविवार, १ फेब्रु.

आईने स्वेटर धुतला नाही. उशाशी ठेवलाय.

आईच्या तोंडी दिवसभर एकच. कुलकर्णीकाकू, दूधवाला, अश्दोदच्या मावश्या, सगळ्यांना, "पोलिसांना नाही जमलं. माझ्या दिनाने शोधून काढलं. तिच्या त्या पानामुळे."

क.बाईंचाही मेसेज, आवाजातला. पुण्याहून मागणी आली. "तुमचा हात गुणाचा हाय गो बाय." मग थोडं थांबून, "आयशीला सांगितलंत का?"

संध्याकाळी आई म्हणाली, "त्या सुरेखाताईशी मला बोलायचंय. आभार नको मानायला? उद्या दहाला लावून दे फोन." मी म्हटलं, लावू ग सावकाश. "सावकाश काय? नऊ महिने जेवू घातलंय तिने. आणि मला विचारायचंय, बाबा माझं काही बोलायचे का."

बोलायचे नाहीत. माझंच बोलायचे. हे पण सांगायचं राहिलंय.

पोरगी खोटं बोलणार नाही. बोलावंही कशाला तिने माझ्यासाठी? दहाच्या आत मी सांगणार. बेनी काहीही म्हणो. आईला काय मिळणार ते मला माहीत नाही, पण हे कौतुक माझ्याने आणखी एक दिवस ऐकवणार नाही.

सोमवार, २ फेब्रु.

नऊ वीस. आईने इस्त्रीचं पातळ नेसलंय. फोनवर बोलायला! दोनदा आत डोकावून गेली. बाबांचं पान काय करायचं म्हणून विचारलं. 'हरवले आहेत' काढ म्हणाली, बाकी सगळं राहू दे, फोटो राहू दे.

तेच उघडून बसलेय. शेजारी ही फाइल. काय सांगायचं ते आधी इथे लिहून बघते.

आई, पान केलं होतं पण ते दिसत नव्हतं.

'दिसत नव्हतं' नाही. मी दिसू दिलं नाही. आई, ती मुलगी पहिल्या दिवसापासून शोधत होती, आणि मी

नऊ पस्तीस. पहिल्यापासून. आई, एक चौकोन असतो. नको, चौकोन कशाला, तिला काय करायचंय चौकोनाशी. आई, बाबा सापडले असते. माझ्या चुकीमुळे

बाहेर आईचा आवाज. माझ्याशी नाही बोलत.

"हॅलो, सुरेखाताई का? मी सायमन तळवलीकरांची मिसेस बोलतेय, पनवेलहून. हो, पिशवीवर होता ना नंबर... अहो आहे ना, घरातच आहे. दिना कॉम्प्युटरवर आहे, येईल."