गाडी का दिली, त्याचं खरं कारण

मंगळवार, ता. १४, सकाळी

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

आज जाग आली ती स्वप्नात ऐकलेल्या, आमच्या शाळेतल्या कवितेच्या तासाच्या आवाजाने. चाळीस पोरांचा एकच सूर आणि टेबलावर पट्टीने ताल धरणारे मास्तर. शेवटच्या ओळीला ते डोळे मिटून घ्यायचे, मग आम्हीही मिटायचो. कविता पाठ झाल्या तशी ती सवयही लागली. तुझी आई म्हणायची, यांच्यासमोर दूध उतू गेलं तरी चालेल, कडवं अर्धं राहता कामा नये.

इकडे सर्व ठीक. गुडघे कुरकुरतात, पण सांगितलेलं ऐकतात. जावईबापूंचा खोकला गेला का?

दर रविवारी तू फोनवर गाडीचं विचारतेस आणि मी "मजेत आहे" म्हणतो. ती मजेतच आहे, फक्त माझ्याकडे नाही. दोन महिन्यांपूर्वी मी ती खालच्या मजल्यावरच्या परिचारिकाबाईंना देऊन टाकली, कागदपत्रांसकट. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन त्या मलमपट्टी करतात. दोन-दोन बस बदलून दिवसाला चार घरं व्हायची, आता नऊ होतात. तू हौसेने घेऊन दिलेली वस्तू तुला न विचारता दिली, हे चुकलंच.

मी बाजारात पायी जातो, लांब असेल तर बसने. हाताला पेलेल तेवढंच आणतो, त्यामुळे घरात काही नासत नाही. गाडी उभी राहायची त्या जागी आता बाकडं टाकलंय. संध्याकाळी त्यावर बसायला जागा मिळत नाही.

सगळे म्हणाले, काय मोठं मन आहे तुमचं! तिथेच माझं बिनसलं. बाळे, मी उदार होऊन गाडी दिली नाही. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

नाक्यावर फूटपाथवर काचेची पेटी मांडून बसणारे घड्याळजी तुला आठवत असतील. सहा महिन्यांपूर्वी माझी गाडी फूटपाथवर चढली आणि त्यांच्या पायाचं हाड मोडलं. ब्रेक लागला नाही, असं मी तुला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, सगळ्या जगाला सांगितलं. ब्रेक ठणठणीत होता. मी कविता म्हणत होतो. शेवटची ओळ आली आणि मी डोळे मिटले.

दवाखान्यात त्यांच्या उशाशी रोज बसलो, पण हे तोंडातून निघेना. उलट तेच मला धीर द्यायचे. म्हणायचे, जन्मभर यंत्रं उघडून बघतोय, ती बिघडायचीच, त्यात तुमचा काय दोष? घास उतरत नसे माझ्या घशाखाली.

गेल्या बुधवारी त्यांच्या घरी चालत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. एवढंच म्हणाले, "जा आता." त्यांच्या बायकोने दार लावून घेतलं. तिथून मी पोलीस चौकीत जाऊन जबाब बदलून आलो. त्याचं जे व्हायचं ते होवो.

घड्याळजींकडून अजून निरोप नाही. तो येईलच असं मी धरूनही चाललेलो नाही. पण खरं सांगू? त्या दिवशी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा अन्न गोड लागलं.

आता तू रागाव. निदान ज्याच्यावर रागावशील तो खरा माणूस असेल.

तुझा,
बाबा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दार वाजलं. उघडलं तर घड्याळजी! काठी टेकत, तीन जिने चढून आलेले. मी खुर्ची पुढे सरकवली. त्यांनीच सुरुवात केली. "माफ केलं असं काही मी म्हणणार नाही, अजून तरी नाही. पण डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि आमची बायको फार भरभर चालते. तुम्ही हळू चालता."

ते खुर्चीत दम खातायत. मी चपला शोधतोय.