चंद्रीच्या लेकी

३ फेब्रु.
मैंदर्गीच्या गायींच्या रक्ताच्या नमुन्यांचे निकाल आले. गौरक्कांच्या गोठ्यातल्या खिलार गायी त्यांच्या जुन्या चंद्री गाईच्या वंशातल्या नाहीत. नोंदीत सगळं सरळ आहे: चंद्री, तिची लेक, नाती, पणत्या. पण जे डीएनए फक्त आईकडूनच उतरतं, ते चंद्रीच्या सख्ख्या बहिणीच्या वंशाशी जुळायला हवं. त्या वंशातल्या गायी गौरक्कांच्या भावाकडे. अजिबात जुळत नाही. नळ्यांची अदलाबदल झाली असेल. परत पाठवते.

१९ फेब्रु.
परत तेच. म्हणजे चूक नोंदीतच, आणि अगदी वरच्या पायरीवर. तिथली एक आई चुकली की खालच्या सगळ्या भलत्याच घराण्यात. अशा चुका इतर गोठ्यांच्या नोंदींतही बऱ्याच सापडल्या. म्हणून दूध कमी-जास्त असण्यात आईच्या वंशाचा वाटा इतका कमी निघत होता. घराणीच एकमेकांत मिसळलेली, फरक दिसणार कुठून. दुरुस्त करून गणित चालवलं. वाटा वाढला.
माझे मार्गदर्शक सर खूश. "चुकीच्या आया काढून टाक आणि लिहायला घे."
बरोबरच आहे त्यांचं. पण चंद्री गौरक्कांना आईनं लग्नात दिलेली. त्यांना न सांगता...

२२ फेब्रु.
एस.टी.नं मैंदर्गी. सांगितलं. गौरक्का आधी हसल्या. "आमच्या मालकांनी सोता नोंदवलंय की." मालक आता नाहीत. गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.
"मी तवा बाळंतपणाला माहेरी हुते. परत आले तर चंद्रीपाशी कालवड. दुसरी गाय मेली म्हणले. बाजारातनं आणलेली, तीबी गाभण हुती."
मी वहीत लिहून घेतलं.
"चंद्रीचंच वासरू गेलं आसंल. मेलेल्या गाईचं तिला लावलं." मग, "मला का सांगितलं न्हाई त्येनी?"
ओल्या बाळंतिणीला कशाला, असं वाटलं असेल. पुढे राहून गेलं असेल. चंद्री नंतर व्यालीच नाही, हेही त्याच म्हणाल्या. म्हणजे तिचा वंश तिथंच संपला.
येताना बसमध्ये काही वाचता आलं नाही.

२७ फेब्रु.
सरांना विचारलं, चंद्रीचं, म्हणजे पाजणाऱ्या गाईचं नाव कुठं घालायचं? म्हणाले, पाजण्याचा परिणाम हा वेगळा अभ्यास, आपल्याकडे तो रकानाच नाही. चंद्री खोडली. आईच्या जागी 'अज्ञात'.

६ मार्च
दुपारी गौरक्कांचा फोन. भाऊ त्याच्याकडची कालवड देतो म्हणतोय, चंद्रीच्या बहिणीच्या वंशातली. आणावी की नको, ठरत नाही. "हितल्या गायींनी काय कमी केलंय माझं?" मग एकदम,
"चंद्रीचं नाव काढलं का तुमी?"
"काढलं, अक्का."
"मग तितं काय लिवलं?"
"अज्ञात."

"अज्ञात कशी? बाजारातनं आणलेली ती. माहेरी जायच्या आदी मी धार काढलीय तिची. भुरकी हुती. डाव्या शिंगाचं टोक मोडकं. लई गरीब गाय. एवढं तरी लिवा की."
हो म्हणाले. फोन ठेवल्यावर नोंदींची फाईल उघडली. सरांना आजच पाठवायची होती. अजून पाठवलेली नाही.