डाव्या पायाचा गोल

रविवार, संध्याकाळ. बेलवली.

आज बाबांना अंबरनाथला नानाकाकांकडे नेऊन आणलं. नेलं नसतं तर बरं झालं असतं का? कळत नाही.

कॉलेजच्या फुटबॉल टीममधले आता हे दोघेच उरलेत. सत्तर वर्षांपूर्वीचा तो सीझन. एकेक मॅच हरत गेले, फक्त शेवटची जिंकली, तीही बाबांनी डाव्या पायाने मारलेल्या गोलवर. लहानपणापासून तो गोल मी किती वेळा ऐकलाय! नानाकाका गोलकीपर होते. हल्ली त्यांचं विसरणं फार वाढलंय.

पण बाबांना त्यांनी ओळखलं. हात घट्ट धरून म्हणाले, "शेवटच्या मॅचला मी गोल मारला, आठवतं ना रे? डाव्या पायाने!"

त्यांची सून ओशाळून माझ्याकडे बघायला लागली. मी बोलणारच होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "आठवतं तर! काय मारला होतास, नाना!"

काका केवढे हसले.

येताना रिक्षात मी चिडलेच. "बाबा, खरं सांगितलं का नाहीत?"

"खूश झाला ना तो. राहू दे."

घरी आल्यावर मात्र चहासुद्धा घेतला नाही. डावा पाय चोळत गॅलरीत बसून राहिले. मी दिवा लावायला गेले, तर माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "मीच मारला होता ना गं?"

मी हो म्हटलं. लगेच, अगदी ठामपणे. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.