बारीक अक्षरं

३ ऑगस्ट २०१७
आज रुजू झाले. पुसदहून पहाटेची एसटी, घाटंजीला गाडी बदलून दहाला गावात. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीमागच्या दोन खोल्या, एक पंखा, चार लोखंडी कपाटं. अकराशे पुस्तकं, त्यातल्या निम्म्यांना वाळवी. तरी मी खूश आहे. माझा भाऊ धम्मरत्न म्हणायचा, ग्रंथपाल म्हणजे खुर्ची राखायची नोकरी. वाचनालयाचे अध्यक्ष घनश्यामभाऊंनीही हसत विचारलं, दीपा मॅडम, पुस्तक द्यायले शिक्षण लागते काय? दिवसभर धूळ झटकली. कादंबऱ्या खिडकीजवळ लावल्या, शेतीची पुस्तकं दाराशी, पटकन हाताला यावीत म्हणून.

११ ऑगस्ट
पुस्तक कुणी नेत नाही. माणसं पेपर चाळतात, पंख्याखाली बसतात. दुपारच्या सुट्टीत घनश्यामभाऊंच्या कपाशीत राबणारे दोघं येतात, उकंडा आणि रामधन. दोघांनाही वाचता येत नाही. उकंडा फोटोवरून बातमी ओळखतो, बहुतेकदा चुकीची. आजपासून मी बारा ते एक पेपर मोठ्यानं वाचायचं ठरवलं. उकंडाची बायको हंसाबाईही दाराला टेकून ऐकत होती. जाताना म्हणाली, "मले वाटे, बाई नुसती कुलूप उघडायले ठेवली."

२४ ऑगस्ट
कपाशी छातीपर्यंत आली आहे. उकंडा फवारणीच्या औषधाच्या दोन बाटल्या घेऊन आला. मालकानं एकत्र करायला सांगितलं होतं, किती ते नाही. "बाई, तुमाले सारं वाचता येते. एवढं पाहून द्या." लेबल इंग्रजी, अक्षरं मुंगीएवढी, खालचा भाग डागाळलेला. वरचं वाचून मी दोन्हींचं माप सांगितलं. खालचं राहिलं. कृषी कार्यालयात विचारा, असं म्हणायला हवं होतं. पण या गावात पहिल्यांदाच कुणी ग्रंथपालाला काही विचारत होतं. फार बरं वाटलं.

२ सप्टेंबर
काल फवारताना उकंडा शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, कोसळला. डोयाले काई दिसून नाई राह्यलं, एवढंच म्हणत होता म्हणे. रामधनलाही ओकाऱ्या. दोघांना यवतमाळला नेलं.

५ सप्टेंबर
उकंडा गेला. रामधनची नजर गेली. चौकशीला आलेल्या साहेबांना घनश्यामभाऊंनी सांगितलं, माप वाचनालयातल्या बाईनं दिलं. त्यात खोटं काही नाही.

९ सप्टेंबर
हंसाबाई आली. भांडली नाही. बाटली टेबलावर ठेवून म्हणाली, "आता सारं वाचा. खालचंबी." मी भिंग आणि शब्दकोश घेऊन बसले. दुसऱ्या औषधात मिसळू नये. तोंड आणि डोळे झाकावेत. शेवटची ओळ: या विषावर उतारा नाही. ती ओळ तिनं मला दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, "मंग त्याईले सलाइन कायची लावली होती?"

१४ सप्टेंबर
पेपर ऐकायला आता कुणी येत नाही. आज बाराला पंख्याखालची खुर्ची ओली दिसली. औषधाचा वास. पुसून काढली. वास गेला नाही.

१५ सप्टेंबर
उकंडा बसला होता. भर दुपारी, दार उघडं, बाहेर ऊन. पाठीवर पंप. डोळे दुधाळ. बोलला नाही, नुसती बाटली पुढे केली. मी वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

२१ सप्टेंबर
आता सात जण येतात. उकंडा सोडला तर सगळे अनोळखी. ओळीनं उभे, प्रत्येकाच्या हातात बाटली. एकही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात, फवारणीत गेलेल्यांच्या बातमीत, त्यांचे फोटो येतात. कुणी आर्णीकडचा, कुणी राळेगावकडचा. मी एकेकाला वाचून देते. आणखी काय करणार?

२६ सप्टेंबर
राजीनामा दिला. घनश्यामभाऊ म्हणाले, रिकाम्या खुर्च्यांपुढं वाचत बसता, गाव हसून राह्यलं. बॅग घेऊन एसटी थांब्यावर गेले. बारा वाजले. तिथंही ओळ लागली. गाडी आली, गेली. मी वाचत होते. नंतर परत येऊन वाचनालयाचं कुलूप उघडलं.

३० सप्टेंबर
डोळे झोंबतात. ओळी एकमेकींत मिसळतात. लेबल पाठ आहे म्हणून निभतं —

३ ऑक्टोबर
हंसाबाई आली. बोलली, म्हणजे जिवंत आहे. उकंडाचा पंप तिनं घेतला. दुसरं काम कुणी देत नाही म्हणाली. नवी बाटली होती, वाचा म्हणाली. मला एक अक्षर दिसलं नाही. जाऊ नका म्हटलं. हात घट्ट धरला. तिनं हळूच सोडवला. "नाई वाचलं तरी फवारावं तं लागतेच, बाई."

४ ऑक्टोबर
पेपर आला. चेहरे दिसत नाहीत. कुणाला विचारू —

६ ऑक्टोबर
अंदाजानं लिहिते. पंखा फिरतोय. बारा झाले असावेत — तोच वास —
कुणीतरी बाटली हातात देतंय. हात लहान. खरबरीत. बाईचा.
हंसाबाई, बोला. एक शब्द — नुसतं बाई म्हणा, मी —