चुकीच्या समाधीवरचं गवत

हादोंग, १० सप्टेंबर १९९८

चि. थेगिल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. कारखान्याने कामावरून काढल्यापासून जगण्यात अर्थ उरला नाही म्हणतोस, आणि पितरांना पुजायच्या चुसोक सणाआधी बाबांच्या समाधीवरचं गवत भाड्याच्या माणसांकडून कापून घे असंही लिहितोस. अरे, एकुलता एक मुलगा ना तू? दिवसभर भिंतीकडे बघत बसतोस, हातांना काय मेंदी लागली आहे? माझे गुडघे टेकडी चढू देत नाहीत, नाहीतर तुझ्या नाकावर टिच्चून मीच कापलं असतं. सौ. मिसुकला आशीर्वाद. लोभ आहे म्हणूनच बोलते.
तुझी ताई ओकबुन

बुसान, २१ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझ्या बोलण्याचा भयंकर राग आला. म्हणून काल तडक टेकडी चढलो आणि तुझ्या घरी न येताच परतलो. तीन तास गवत कापलं, तळव्यांना फोड आले. तांदळाची दारू वाहिली, दोनदा माथा टेकला. नोकरी गेल्याचं बाबांना सांगताना रडू आवरेना. आता तरी टोमणे थांबव, पण लोभ राहू दे.
तुझा थेगिल

हादोंग, २४ सप्टेंबर

चि. थेगिल यास,
अ. आ. गाढवा, शेजाऱ्याचा हात धरून आज कशीबशी वर गेले. बाबांच्या समाधीवर कमरेएवढं गवत तसंच आहे! ती चेस्टनटच्या झाडापाशी, वरच्या अंगाला. तू कापलंस ते खालच्या बेवारशी समाधीच्या उंचवट्यावरचं. तिथे चाळीस वर्षांत कोणी फिरकलेलं नाही, तिथे पुरलेला माणूस कोण होता हेही गावात कोणाला माहीत नाही. वीस वर्षं बापाकडे गेलं नाही की असं होतं! सगळं गाव हसतंय. रविवारी ये. रागावले तरी वाट बघते आहे.
ताई

बुसान, २६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आधी लाजेने मान खाली गेली, मग संताप आला. चाळीस वर्षं रोज समोर दिसतंय आणि एकाही गावकऱ्याला वर जाऊन चार काड्या उपटाव्याशा वाटल्या नाहीत? हसतात कसले! माझं सगळं रडगाणं त्या बिचाऱ्याने ऐकून घेतलं. उद्या येतो, बाबांची समाधी साफ करतो, त्यांची माफी मागतो. खालची समाधीही यापुढे दरवर्षी मीच साफ करणार. जीव आहे तोवर करणार. मला काय हसायचं ते हसा, पण त्याला कोणी नाही असं आता म्हणायचं नाही.
तुझा भाऊ थेगिल