आईच्या खोलीतले चिकट पाहुणे

दहिसर, ५ ऑगस्ट २०२५

चि. दत्तारामास अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझ्या मुलुंडच्या घरून परतले ती चपला काढून थेट मोरीत गेले आणि साबणाने हात घासले. तरी बोटं एकमेकांना चिकटतच होती. जेवायला बसले तर भाताच्या घासालाही तोच वास. उन्हात ठेवलेल्या जुन्या रेनकोटाचा. शी!

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं आईला ऐकू जातं, आणि हे तिने ऐकू नये असं आहे. मोबाइलवर बोटं आपटत बसणं मला जमत नाही. शाळेत सगळं आयुष्य खडूत आणि लाल पेनात गेलं, मला कागदच बरा.

तर मुद्द्याचं. आमची इमारत पाडायला घेतली आहे. दिवाळीच्या आत घर रिकामं करायचं. मला चेकनाक्याजवळ भाड्याने मिळाली आहे ती एकच खोली, तीही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला तिथे कसं ठेवू? म्हणून दसऱ्याला ती तुझ्याकडे येणार, हे आपलं ठरलं. आतली खोली आईचीच, असं तूच छातीवर हात मारून म्हणालास. ती खोली बघायलाच मी आले होते.

आणि बघितलं काय? भिंतभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टिकची अस्वलं, लांडगे, बेडूक, सगळे दात काढून हसतायत. त्यांच्या अंगाला तेलकट घाम, त्या घामावर धूळ, धुळीत एक मेलेली माशी. तू ते अस्वल कौतुकाने माझ्या तळहातावर ठेवलंस, ते उचलताना हाताची कातडी ओढली गेली. भंगारवाल्यांनी कुठून कुठून उचलून आणलेली ती खेळणी, किती पोरांनी चोखलेली, देव जाणे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या घरात हे बघून मला शिसारी आली.

खोली रिकामी कर. मानसीला आशीर्वाद. ती फार वाळली आहे, तिच्याकडे लक्ष दे.

तुझं बरं व्हावं असंच वाटणारी,
रुक्मिणीताई


मुलुंड, ११ ऑगस्ट २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाईंनी लाल पेनाने लिहिलं नाही हेच नशीब समजतो!

अगं, ते घामाघूम होतात ही त्यांच्या खरेपणाची खूण आहे. जुन्या मऊ प्लास्टिकातलं तेल वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पाझरतं. आजकालचे नकली बाहुले कोरडे ठणठणीत असतात. घाटकोपरला एकजण आहे, तो तर वासावरून साल सांगतो. तू नाक मुरडलंस, आम्ही नाक लावतो, एवढाच फरक.

तुला आठवत नाही का, दर रविवारी शेजारच्यांच्या टीव्हीसमोर आपण मांडी घालून बसायचो? गबरू अस्वल, चष्मेवाला लांडगा, छत्रीवाली बेडकी. दुधात घालायच्या त्या चॉकलेटी पावडरच्या डब्यात यांतला एकेक निघायचा. माझे सगळे मिळाले, धड बेडकी तेवढी राहिली आहे. तिची छत्री नाजूक, खेळताना पोरं मोडतात. अखंड छत्रीची बेडकी मिळाली की मी गप्प बसेन, शप्पथ.

खोलीची काळजी करू नकोस. आईची खाट, पंखा, देवाचा फोटो, सगळं माझ्या डोक्यात तयार आहे. दसऱ्याला आई येणार म्हणजे येणार. गणपतीला तुम्ही दोघी येताय ना? आईचा खोकला बरा नसेल तर मोदकांचा डबा मी स्वतः आणून देतो.

राग गिळून टाक आणि प्रेम तेवढं शिल्लक ठेव.

तुझा,
दत्ता


मुलुंड, ३० ऑगस्ट २०२५

ती. वन्संना सा. न. वि. वि.

गणपतीला मोदकांचा डबा आला नाही म्हणून तुम्ही नाराज असाल. आईंनी वाट बघितली असेल याचं मला फार वाईट वाटतंय. पण डबा पाठवण्यासारखा नव्हता. का, ते फोनवर सांगितलं असतं तर आईंनी ऐकलं असतं, म्हणून तुमच्यासारखंच कागदावर लिहितेय.

चतुर्थीला सकाळी आईंनी मला दिलेलं तांब्याचं मोदकपात्र काढलं. पारी छान झाली होती, कळ्या सुरेख पडल्या होत्या, मीच माझ्यावर खूश होते. वाफ धरली आणि स्वयंपाकघरात तुम्ही म्हणता तो रेनकोटाचा वास सुटला. आधी वाटलं, गॅसच्या नळीला काहीतरी झालं. झाकण उचललं तर वासाचा भपकाराच तोंडावर आला. चाळणी उपसून बघितली. खालच्या बाजूने भोकाभोकांत हिरवं, चिकट, शेंबडासारखं काहीतरी बसलेलं.

ह्यांना विचारलं. आधी कानावर हात. मग म्हणाले, वाकडे झालेले बाहुले वाफेवर मऊ पडतात आणि बोटाने सरळ करता येतात. साध्या पातेल्यात पाणी लागून रंग जातो, मोदकपात्रात वाफ कशी सगळीकडून सारखी बसते! वन्सं, कांजूरच्या भंगारातून आणलेले ते लांडगे हा माणूस महिनाभर मोदकपात्रात उकडत होता. मी ऑफिसला गेले की ह्यांचा कारखाना सुरू. मला तिथेच सिंकमध्ये उलटी झाली.

तोवर पहिल्या पात्रातले पाच मोदक ह्यांनी देवापुढे ठेवलेही होते. मी ते उचलले तर वर मलाच ऐकवलं, इतकं काय त्यात, आणि त्यातला एक तुपात बुडवून खाल्ला. म्हणे, झकास लागतोय. त्या तोंडाकडे माझ्याने बघवेना. शेवटी गणपतीला गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि मनातल्या मनात माफी मागितली.

आता मुख्य सांगायचं ते. आईंच्या खोलीचं मी काल परत काढलं. ह्यांनी उत्साहाने दाखवलं. फळ्यांवर पडदा टाकलाय. खोके आईंच्या खाटेखाली आणि उशालगतच्या स्टुलात भरलेत. मी म्हटलं, हे असंच ठेवणार? तर म्हणाले, आईला आता कुठे काय दिसतंय, तिला कळणारसुद्धा नाही.

वन्सं, मोदकांची किळस धुऊन गेली असती. ह्या वाक्याची जात नाहीये.

तुमचा हात माझ्या पाठीवर असू द्या.

तुमची,
मानसी


दहिसर, ४ सप्टेंबर २०२५

चि. दत्तारामास,

आशीर्वाद आज घाईत देते.

आईच्या डोळ्यांत फूल पडलंय, नाकात नाही. तिला बोटंही आहेत. ती भिंतीला, खाटेला, स्टुलाला चाचपत चालते, तेव्हा तिच्या हाताला काय लागणार आहे, याचा विचार केलास? ती पाणी समजून कशाला तोंड लावेल, उशी समजून कशावर डोकं टेकेल? आंधळ्या माणसाला फसवणं सोपं असतं, म्हणूनच सभ्य माणूस ते करत नाही. मला तुझी आजवर चीड आली, हसू आलं, कीव आली. किळस पहिल्यांदाच आली.

त्या डब्यांचं तू मोठं रसभरीत वर्णन केलंस. एक विसरलास. ती पावडर तुला आवडायचीच नाही. घोटभर प्यायचास आणि अंगणात जाऊन ओकायचास. डबा संपल्याशिवाय दुसरा येणार नाही असा बाबांचा दंडक. म्हणून आईने स्वतःचा चहा बंद केला आणि ते गिळगिळीत गोड पाणी दोन्ही वेळा प्यायली. तिलाही मळमळायचं. तुझं अस्वल आईच्या घशातून आलंय, दत्ता.

आता नीट वाच. दसऱ्याच्या आत ते सगळं घराबाहेर गेलं पाहिजे. पडद्यामागे नाही, खाटेखाली नाही, माळ्यावरही नाही. ते जमत नसेल तर तसं सरळ लिही, म्हणजे मी आईची दुसरी सोय बघते. तिला मात्र तू बोलावतोयस असं सांगून ठेवलंय. तिने दोन लुगडी वेगळी काढून ठेवलीयत, मुलुंडला नेसायला म्हणून.

तुझी ताई


मुलुंड, २६ सप्टेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. पत्र वाचून फार वाईट वाटलं. मी खरंच सगळं काढायला घेतलं होतं. विकत घेणारा माणूसही ठरला होता.

पण बघ ना योग कसा असतो! घाटकोपरचे ते गृहस्थ वारले. त्यांच्या सुनेला घर मोकळं करायचं होतं, तिने सगळा संग्रह मलाच उचलायला सांगितला. आणि ताई, त्यात ती आहे! छत्रीवाली बेडकी, छत्री अखंड, काडीसुद्धा वाकलेली नाही. मी रस्त्यातच रडलो. अशी संधी माणसाच्या आयुष्यात परत येत नाही.

आता झालंय असं, की त्यांचे खोके आतल्या खोलीत दारापर्यंत आले आहेत. खाट तूर्तास उभी करून ठेवली आहे. सगळं लावून, धुऊन, वेगळं करायला मला दोनच महिने लागतील. तोवर आईला तुझ्याकडे कसंबसं सांभाळून घेशील का? तू नेहमीच सांभाळून घेतेस. मानसी सध्या बोलत नाही, पण ती येईल ताळ्यावर. आईला सांग, दत्ता तिची आठवण काढतो.

समजून घे आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझाच,
दत्ता


दहिसर, ७ ऑक्टोबर २०२५

चि. दत्तारामास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सावकाश होऊ दे तुझं धुणंपुसणं. दोन महिने कशाला, हवी तेवढी वर्षं घे. आई तुझ्याकडे येणार नाही.

आम्ही चेकनाक्याच्या खोलीत आलो. इमारतीतल्या मुलांनी आईला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. ती सगळ्यांना कमरेत नीट वाका रे, पाठ धरेल, असं सांगत होती. खोलीत हात फिरवून तिने भिंती चाचपल्या आणि म्हणाली, सुकी आसत, बरा झाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मानसी बॅग घेऊन दारात उभी राहिली. मी तिला बोलावलं नव्हतं. म्हणाली, आईंना तिथे जागा नाही, मग मला तरी कुठे आहे? मी ठेवून घेतलं. तिचं ऑफिस बोरिवलीला, इथून रिक्षाने पंधरा मिनिटं. ती खाली गादी टाकते, मी तिच्या शेजारी. अडचण होते, एकीने कूस बदलली की दुसरीला जाग येते. तरी ती दोन घास नीट जेवू लागली आहे. परत कधी येईल ते तिलाच विचार, मध्ये मला घालू नकोस.

आईला खरं कारण सांगितलेलं नाही. खोलीला रंग लावतोयस, एवढंच सांगितलं. तिने ते खरं मानलं की मानल्यासारखं केलं, कळत नाही. लुगडी परत ट्रंकेत ठेवायला मात्र तिने स्वतःच सांगितलं.

काल मानसी भाजी निवडत होती. आई बराच वेळ तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत बसली आणि मग मला म्हणाली, सून हय इली, मगे दत्तूच्या घरात आता कोण आसा? एकटोच जेवता काय गो तो?

मी म्हटलं, एकटा कसला, घर गच्च भरलंय त्याचं.

लोभ आहे. ठेवायला तुझ्याकडे जागा झाली की कळव.

तुझी,
रुक्मिणीताई